कंदील आणि रजिस्टर

नांदगाव तालुक्यातल्या कुठल्याही गावात लसीकरणाचा दिवस असला की अंगणवाडीच्या ओट्यावर लेकुरवाळ्यांची गर्दी होते. आरोग्य सेविका, म्हणजे गावाच्या तोंडी ‘नर्सबाई’, लसवाहक डब्याचं झाकण उघडतात. बर्फाच्या पॅकमधून कुपी काढतात आणि सिरिंज भरण्याआधी कुपीवरच्या एका बारक्या खुणेकडे निरखून बघतात. एक वर्तुळ आणि त्याच्या आत चौकोन. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस चांगली. दोन्हींचा रंग एकच झाला, किंवा चौकोन जास्त गडद झाला, तर कुपीला उष्णता लागली असं समजायचं आणि ती बाजूला ठेवायची. गोवर-रुबेलाची कुपी असेल तर द्रावण मिसळल्याची वेळ तिच्यावर लिहायची. चार तासांत संपली नाही तर उरलेली लस टाकून द्यायची, मग बाहेर दोन बाळं थांबलेली असोत की चार. एवढं झाल्यावर बाळ, सुई, रडारड, आणि शेवटी रजिस्टर. कोणतं बाळ आलं, कोणतं राहिलं, कोणाचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले, म्हणजे त्या बाळाचा पुढचा डोस आता कुठे आणि कधी?

मे महिन्याच्या १२ तारखेला फ्लॉरेन्स नाइटिंगेलची जयंती आणि जागतिक परिचारिका दिन एकत्रच साजरा होतो. सगळीकडे हातात कंदील घेतलेल्या बाईचं चित्र झळकतं, मेणबत्त्या लागतात, शपथ होते, गुलाबाची फुलं वाटली जातात. चित्र सुंदर आहे, पण अर्धवट आहे. त्या बाईच्या दुसऱ्या हातात खरं तर एक वही दाखवायला हवी होती. नांदगावच्या नर्सबाईंच्या काखेतलं रजिस्टर थेट तिच्याकडून आलेलं आहे.

१८५४ च्या नोव्हेंबरात नाइटिंगेल ३८ नर्सना घेऊन तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचली. क्रिमियाचं युद्ध चालू होतं. जखमी शिपाई जमिनीवर पडलेले, अंथरुणात उवा, खाली तुंबलेली गटारं. तिने स्वयंपाकघर लावलं, कपडे धुण्याची सोय केली, रात्रीच्या फेऱ्या घातल्या. वर्तमानपत्रांनी तिला डोक्यावर घेतलं. तरीही पहिल्या हिवाळ्यात माणसं मरतच होती. १८५५ च्या वसंतात इंग्लंडहून आलेल्या स्वच्छता आयोगाने गटारं उपसली, पाणी आणि हवा खेळती केली, तेव्हा कुठे मृत्यूचं प्रमाण धाडकन खाली आलं. मायदेशी परतल्यावर नाइटिंगेलने सगळे आकडे मांडून बसवले आणि निघालेला निष्कर्ष स्वतःच्या प्रसिद्धीला सोयीचा नसूनही छापला. शत्रूच्या गोळीने मेले त्यांच्या कितीतरी पट शिपाई टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले होते. १८५८ मध्ये तिने हे आकडे पाकळ्यांच्या आकाराच्या रंगीत आकृतीत मांडले, कारण मंत्र्यांना तक्ते वाचायचा कंटाळा असतो हे तिला ठाऊक होतं. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या नावाची नर्सिंग शाळा निघाली आणि शिकून, परीक्षा देऊन, पगार घेऊन करायचा व्यवसाय म्हणून नर्सिंग जगासमोर आलं. त्याच युद्धात, क्रिमियात, जमैकाहून स्वतःच्या खर्चाने गेलेली मेरी सीकोल ही सावळी बाईही शिपायांची शुश्रूषा करत होती. तिला इतिहासाने जवळजवळ शंभर वर्षं विसरून टाकलं. असे विसर आपल्याकडेही पडलेले आहेत.

नाइटिंगेल भारतात कधीही आली नाही. पण चाळीसेक वर्षं ती भारताविषयी लिहीत राहिली, तीही बहुतेक काळ अंथरुणाला खिळून. १८५७ नंतर इथल्या गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करायला आयोग नेमला गेला. तिने छावण्याछावण्यांना प्रश्नावल्या पाठवून माहिती मागवली. हजारी ६९ शिपाई दरवर्षी दगावत होते. पाणी, मोऱ्या, बराकी सुधारल्यावर १८७३ मध्ये तिने अभिमानाने आकडा दिला : हजारी १८. आपल्या नाशिक जिल्ह्यातली देवळालीची छावणी याच काळात, १८६१ मध्ये उभी राहिली. जहाजाची वाट बघत तिथे महिनोन् महिने पडून राहणाऱ्या गोऱ्या शिपायांच्या कंटाळ्यातून इंग्रजी बोलीत ‘डूलॅली’ हा वेडसरपणाचा शब्द रुजला, हे अनेकांना माहीत असेल. नाइटिंगेल मात्र छावणीवर थांबली नाही. फौजेच्या तब्येतीवरून ती खेड्यातल्या पाण्यावर आणि तिथून शेतसाऱ्यावर आली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता. मुंबईचे समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांचं चरित्र दयाराम गिडुमल यांनी लिहिलं, त्या १८९२ च्या पुस्तकाला प्रस्तावना आहे फ्लॉरेन्स नाइटिंगेलची. ही दोन नावं वाचकांनी लक्षात ठेवावीत. ती पुढे पुन्हा येणार आहेत.

आता आपल्याकडे बघू. शुश्रूषा ही काही इंग्रजांनी आणलेली वस्तू नाही. चरकाने उपचाराचे चार पाय सांगितले : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाला कामाचं ज्ञान हवं, हात चपळ हवा, रोग्याविषयी माया हवी आणि तो स्वच्छ हवा. आजच्या नर्सिंग कॉलेजच्या पहिल्या तासालाही याहून वेगळं काही शिकवत नाहीत. पण मधल्या शतकांत विटाळाने घात केला. रक्त, लघवी, पू, बाळंतिणीची खोली, सगळं अस्पर्श ठरलं. ज्याला हात लावायचा नाही ते काम ज्यांना आपण हात लावत नाही त्यांच्याकडे गेलं. बाळंतपण सुईणीवर सोडलेलं होतं आणि सुईण बहुतेकदा गावकुसाबाहेरची. तिचं कौशल्य पिढ्यान् पिढ्यांचं असे, पण नाळ कापायला विळा, दगड, हाताला येईल ते. जखमेला शेण किंवा राख. धनुर्वाताने आठवड्याच्या आत गेलेली बाळं कोणीच मोजत नव्हतं.

म्हणून १८६३ साल महत्त्वाचं. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल सोबत न्यावं किंवा तिथेच ठेवावं. त्या बायकांची बाळंतपणं सावित्रीबाईंनी केली. अशाच एका काशीबाईचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला आणि डॉक्टर केला. सावित्रीबाईंच्या हाती नर्सिंगचं प्रमाणपत्र नव्हतं, पण महाराष्ट्रातल्या परिचर्येचा इतिहास त्यांना वगळून लिहिता येत नाही. १८९७ च्या प्लेगात त्याच डॉक्टर यशवंतने हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना उघडला. सावित्रीबाई रोग्यांना शोधून आणत. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग गायकवाड नावाचा मुलगा प्लेगाने पडल्याचं कळलं तेव्हा त्याला पाठीवर घालून त्या दवाखान्यात आल्या. मुलगा वाचला. सावित्रीबाई १० मार्च १८९७ ला प्लेगानेच गेल्या. त्यांना शिक्षिका म्हणून सगळा महाराष्ट्र ओळखतो. परिचारिका दिनाच्या फलकावर मात्र त्यांचा फोटो क्वचितच दिसतो. ही चूक दुरुस्त करायला सरकारी आदेश लागत नाही.

रुग्णालयातलं शिस्तशीर प्रशिक्षण आलं ते मुंबईत. एडिंबरो विद्यापीठाच्या दारावर धडका देणाऱ्या पहिल्या सात वैद्यकीय विद्यार्थिनींपैकी एक, डॉ. एडिथ पेची, १८८३ च्या अखेरीस मुंबईत आल्या. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून बायकांसाठी आणि मुलांसाठी उभं राहिलेलं कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झालं. स्त्रियांनी चालवलेलं, स्त्रियांसाठीचं. पेचीबाईंनी तिथे नर्सचं शिक्षण सुरू केलं. त्याच सुमारास जे. जे. रुग्णालयातही नर्सिंगची शाळा उभी राहिली. परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत १८९१ च्या पुढे एक ओळ असते : बाई काशीबाई गणपत, प्रशिक्षणाला आलेली पहिली भारतीय नर्स. ‘पहिली’ म्हणण्यावर वाद घालता येईल, कारण दिल्लीच्या सेंट स्टीफन्समध्ये १८६७ पासूनच इथल्या मुलींना शिकवायला सुरुवात झाली होती. पण नाव मराठी आहे, ठिकाण मुंबई आहे, आणि विद्यार्थी ती ओळ परीक्षेपुरती पाठ करून पुढे जातात. वडिलांचं की नवऱ्याचं ते ‘गणपत’ नाव घेऊन, लुगड्याचा पदर खोचून एक बाई वॉर्डात उभी राहिली तेव्हा घरच्यांशी आणि जातीशी तिला काय झुंज द्यावी लागली असेल, यावर एखाद्या मराठी कादंबरीकाराने लेखणी चालवायला हरकत नाही.

लष्कराची गोष्ट वेगळी. २८ मार्च १८८८ रोजी दहा प्रशिक्षित ब्रिटिश नर्स मुंबई बंदरात उतरल्या. भारतातल्या लष्करी परिचर्या सेवेचा आरंभ तोच मानतात. कॅथरिन ग्रेस लॉक त्यांच्यातल्या एक प्रमुख. त्या रावळपिंडीला गेल्या. तेव्हा सेवा गोऱ्या शिपायांपुरती होती. देशी शिपायाला त्या हाताचा लाभ व्हायला आणखी बराच काळ जावा लागला.

खेड्यापाड्यांतल्या मुलींना नर्सिंगची वाट दाखवली ती मिशनच्या दवाखान्यांनी, आणि हे मोकळेपणाने कबूल करायला हवं. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांचं रुग्णालय १८९४ मध्ये उघडलं आणि १८९७ मध्ये त्यांच्या पत्नी मेरी यांच्या पुढाकाराने नर्सचं शिक्षण सुरू झालं. नागपूरचं मुर मेमोरियल, अहमदनगरचं मिशन रुग्णालय, अशी ठिकाणं वाढत गेली. तिथे येणाऱ्या मुली कोण होत्या? दुष्काळात पोरक्या झालेल्या, धर्मांतरित कुटुंबांतल्या, टाकलेल्या. उच्चवर्णीय घरं आपले रोगी मिरजेला बिनदिक्कत नेत होती, वॉन्लेससाहेबांच्या हाताला यश आहे म्हणत होती, पण आपली मुलगी त्या वॉर्डात कामाला? छे! सेवा घ्यायला ना नव्हती, द्यायला होती. हा दुटप्पीपणा मोडायला कोणीतरी घरातलंच लागणार होतं.

ते काम रमाबाई रानड्यांनी केलं. नाशिक जिल्ह्याने रमाबाईंवर थोडा हक्क सांगायला हरकत नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म निफाडचा, १८४२ चा. १८७८ मध्ये ते नाशिकला न्यायाधीश म्हणून आले तेव्हा रमाबाई सोळा वर्षांच्या होत्या. सासरच्या बायकांचा विरोध सोसून रात्री नवऱ्याजवळ धडे घेणारी ही मुलगी पहिल्यांदा जाहीर सभेत बोलली ती नाशकातच. भाषण रानड्यांनी लिहून दिलं होतं. १९०१ मध्ये रानडे गेले. रमाबाईंनी वर्षभर स्वतःला कोंडून घेतलं आणि मग त्या बाहेर पडल्या त्या शेवटपर्यंत थांबल्या नाहीत.

१९०८ मध्ये मुंबईत सेवासदन निघालं. काढणारे बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल, नाइटिंगेलची प्रस्तावना लाभलेले तेच दोघे. अध्यक्ष रमाबाई. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीने रमाबाईंनी पुणे सेवासदन सुरू केलं. शिवण, शिक्षिकांचे वर्ग हे सगळं समाजाला पचण्यासारखं होतं. रमाबाईंनी तिथे न थांबता विधवा मुलींना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवायला सुरुवात केली. १९११ च्या सुमाराची ही गोष्ट. त्या काळच्या पुण्यात विधवा म्हणजे घरातल्या कोपऱ्यात बसलेली, सोवळ्यातली, केशवपन केलेली बाई. तिने परक्या पुरुषाचं अंग पुसायचं, भांडं द्यायचं, रात्रपाळी करायची! पुणं खवळलं नसतं तरच नवल. मुलींना राहायला जागा कोण देणार, म्हणून वसतिगृह काढावं लागलं. नातलगांना समजवायला रमाबाई स्वतः घरोघर जात. ‘रानड्यांच्या पत्नी’ या नावाची पुण्याई त्यांनी इथे पुरेपूर वापरली, आणि ते बरं केलं.

सेवासदनच्या एका वार्षिक समारंभाचा प्रसंग त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवलेला आहे. तिथे शिकलेली, केशवपन केलेली एक विधवा मंचावर आली. गॅलरीत बसलेल्या कॉलेजच्या पोरांनी हुर्यो उडवली. समारोपाला रमाबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्या विद्यापीठातल्या विद्वानांना असं फटकारलं, की सभागृह चिडीचूप झालं. तुमच्या घरात एखादी बहीण, मावशी, आई अशीच नाही का, एवढाच त्यांचा सवाल होता. महाराष्ट्रात नर्सला मान मिळवून देण्याच्या लढाईतला हा एक खरा क्षण. १९२४ मध्ये रमाबाई गेल्या तेव्हा मध्यमवर्गीय मराठी मुलीने नर्स होणं अजूनही अवघड होतं, पण अशक्य राहिलं नव्हतं.

कायद्याची घडी हळूहळू बसली. भारतीय प्रशिक्षित परिचारिका संघ १९०८ चा. मुंबई इलाख्यात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये झाला, भारतीय परिचर्या परिषदेचा १९४७ मध्ये. पण आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालातला एकच आकडा सगळी स्थिती सांगतो. तेव्हाच्या अखंड भारतात प्रशिक्षित नर्स होत्या सुमारे सात हजार. म्हणजे ४३ हजार माणसांमागे एक. स्वातंत्र्यानंतर रुग्णालयं वाढली आणि जागा भरायला केरळच्या मुली आल्या. दादरला, परळला, मुलुंडला, पिंपरीला मराठी रोगी मल्याळी सिस्टरच्या तोंडचं ‘दुकतं का?’ ऐकत बरा होत गेला. दूरच्या राज्यातून एकट्या आलेल्या विशीतल्या त्या मुलींनी महाराष्ट्राची रुग्णालयं दोन-तीन पिढ्या उचलून धरली. त्यांचा इतिहास मराठीत कोणी नीट लिहिलेला दिसत नाही. १९६४ मध्ये एसएनडीटी विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज मुंबईत निघालं आणि नर्सिंगची पदवी मराठी मुलींच्या आवाक्यात आली.

आता परळच्या केईएम रुग्णालयातली गोष्ट. ती टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी तिथल्या तरुण परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयाच्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेला, मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. त्या पुन्हा शुद्धीवर अशा आल्याच नाहीत. हल्लेखोराला चोरी आणि खुनाचा प्रयत्न एवढ्यावर सात वर्षांची शिक्षा झाली. मुंबईतल्या नर्सनी तेव्हा संप केला. कामाच्या जागी सुरक्षितता द्या, ही मागणी पन्नास वर्षांपूर्वीची आहे.

त्यानंतर ४२ वर्षं केईएमच्या नर्सनी अरुणाताईंना सांभाळलं. सांभाळलं म्हणजे काय, हे ज्यांनी घरात अंथरुणावरचा रोगी पाहिलाय त्यांना सांगायला नको. हलता न येणाऱ्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. टाच, कंबर, माकडहाड, खांदा, जिथे हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दबते तिथे रक्त पोहोचत नाही. कातडी आधी लाल होते, मग काळी पडते, मग जखम हाडापर्यंत जाते. चादरीला सुरकुती नको, अंग ओलं नको, घास भरवताना मान कलती नको. पाळी संपली की पुढच्या सिस्टरने तिथूनच सुरू करायचं. पहिल्या बॅचच्या मैत्रिणी निवृत्त झाल्या. अरुणाताईंना कधी धडधाकट पाहिलंही नव्हतं अशा मुलींनी तेच काम पुढे चालवलं. इतक्या वर्षांत त्यांना शय्याव्रण होऊ दिला नाही. दयामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा केईएमच्या परिचारिकांनी ठाम विरोध केला. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने अर्ज फेटाळला, नर्सच्या सेवेचं मनापासून कौतुक केलं, आणि निष्क्रिय दयामरणाला काही अटींवर कायद्याची वाटही करून दिली. १८ मे २०१५ रोजी अरुणाताई गेल्या. दयामरण हवं की नको यावर शहाण्या माणसांचे दोन पक्ष आहेत आणि राहतील. पण रोग्याच्या जिवाविषयी बोलण्याचा नर्सला अधिकार आहे, तो डॉक्टर आणि वकील यांच्यापुरता नाही, हे केईएमच्या त्या बायकांनी देशाला दाखवून दिलं.

पेचीबाईंच्या कामा रुग्णालयाचं नाव पुन्हा देशभर गाजलं ते २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री. दोन अतिरेकी फाटकातून आत शिरले, तेव्हा गरोदर बायकांच्या वॉर्डात परिचारिका अंजली कुलथे रात्रपाळीवर होत्या आणि त्यांच्या हवाली होत्या २० गर्भवती. खिडकीतून पहारेकऱ्यांना गोळ्या लागताना त्यांनी पाहिलं. जड दारं लोटून बंद केली, सगळ्यांना पँट्रीच्या लहानशा खोलीत हलवलं, दिवे घालवले. त्यातच एकीला कळा सुरू झाल्या. बाहेर गोळीबार चालू असताना भिंतीच्या कडेकडेने तिला धरून त्या वरच्या मजल्यावरच्या प्रसूतिगृहात घेऊन गेल्या. पुढे त्या दोघांपैकी जिवंत पकडलेल्या कसाबला ओळखायला आणि न्यायालयात साक्ष द्यायला जाताना त्यांनी गणवेश घालण्याचा आग्रह धरला. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्यांनी दूरदृश्य प्रणालीवरून ही हकीकत सांगितली.

मुंबई-पुण्याच्या मोठ्या नावांत नांदगावसारख्या तालुक्याची नर्सबाई मागे राहते, आणि खरी आकडेवारी तर तिच्याच हातात असते. सपाटीच्या भागात पाच हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा नियम. न्यायडोंगरीपासून बोलठाण-जातेगावपर्यंत पसरलेल्या या कोरडवाहू तालुक्यात एका सेविकेकडे तीन-चार गावं आणि वाड्यावस्त्या सहज येतात. गरोदर बाईची नोंद, धनुर्वाताचं इंजेक्शन, लोहाच्या गोळ्या, बाळंतपण, लसी, पाळणा लांबवण्याचा सल्ला, त्यात साथ आली की पाण्याचे नमुने. भारतात पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये सापडला. ज्या धनुर्वाताने सुईणीच्या विळ्यामागून येऊन पिढ्यान् पिढ्यांची बाळं नेली, तो माता आणि नवजातांमधला धनुर्वात देशातून हटल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. ही दोन्ही कामं उपकेंद्राच्या पातळीवर झाली. त्यांचं श्रेय घ्यायला दिल्ली-मुंबईत पुष्कळ लोक पुढे आले, ही गोष्ट निराळी.

महाराष्ट्राने या साखळीत एक कडी आणखी जोडली. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावच्याच, बहुतेक निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाचा श्वास मोजायला, ते उबेत ठेवायला, जंतुसंसर्ग ओळखायला शिकवलं. त्या गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलं. ‘आशा’ताई आज घरी येऊन बाळाचं वजन करते, ती पद्धत तिथली आहे. नाइटिंगेलने आकडा हे हत्यार केलं होतं. गडचिरोलीच्या चौथी शिकलेल्या बाईनेही तेच केलं.

आणि तरी! २०२० हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने नर्स आणि सुईणींचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, नाइटिंगेलच्या दोनशेव्या जयंतीनिमित्त. त्याच वर्षी करोना आला. एप्रिलमध्ये आपलं शेजारचं मालेगाव हॉटस्पॉट झालं आणि पीपीई किटच्या आत घामाने निथळत पाळ्या करणाऱ्या सिस्टरसाठी लोकांनी टाळ्या-थाळ्या वाजवल्या, फुलं उधळली. त्याच सिस्टरला घरमालकाने खोली खाली करायला सांगितल्याच्या बातम्याही तेव्हाच्याच. दोन वर्षांनी, मे २०२२ मध्ये, राज्यातल्या सरकारी परिचारिकांना संपावर जावं लागलं. मुद्दा होता रिकाम्या जागा बाहेरच्या कंपनीमार्फत कंत्राटी भरण्याचा. कौतुक स्वस्त असतं, कायम पद महाग. एका वॉर्डात तिघींचं काम एकीने करायचं आणि रोगी दगावला की नातलगांच्या शिव्याही तिनेच खायच्या, हे आपल्या सरकारी रुग्णालयांचं नेहमीचं चित्र आहे. त्यासाठी थाळ्या वाजवून भागणार नाही, अर्थसंकल्पात तरतूद लागते.

२०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि सुईण आयोगाचा कायदा संसदेने केला. १९४७ चा जुना कायदा त्याने बदलायचा आहे. उपकेंद्रांवर आता समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जातात, आणि बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या मुलामुलींनाही ते पद मिळतं. खेड्यातल्या नर्सला स्वतःच्या अधिकारात रोगी तपासून औषध देण्याची संधी यातून प्रथमच मिळते आहे.

नांदगाव-मनमाडच्या ज्या घरांत यंदा बारावीचा निकाल लागणार आहे, त्यांनी हा व्यवसाय गंभीरपणे बघावा. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, त्याला बारावी विज्ञान शाखेत जीवशास्त्र लागतं. जी.एन.एम. तीन वर्षांचं, त्याला इतर शाखांची मुलंही चालतात. ए.एन.एम. दोन वर्षांचं, फक्त मुलींसाठी. पहिल्या दोन्हींना मुलगेही जाऊ शकतात, आणि वॉर्डात ‘ब्रदर’ची गरज किती असते हे कोणत्याही अपघात विभागात दिसेल. राज्यातल्या बहुतेक नर्सिंग पदव्या देणारं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या नाशकातच आहे. मात्र फी भरण्याआधी एक काम न चुकता करा. कॉलेज किती चकाचक आहे हे बघू नका. त्याला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का आणि विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामासाठी चालतं, भरलेलं रुग्णालय जोडलेलं आहे का, हे कागदावर तपासा. मान्यता नसलेल्या संस्थेतून शिकलेल्याची परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय नर्स म्हणून नोकरी करता येत नाही.